काच खराब आहे

गाडी पुसण्यावर कुणी एवढं लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण गेल्या डिसेंबरात एका काचेवरून आमच्या घरात पंधरा दिवस अबोला होता, आणि तो शेवटी ती काच घासूनच संपला. म्हणून हे लिहितोय.

आधी पात्रपरिचय. गाडी म्हणजे २०११ सालची निळी वॅगन-आर. मालक आमचे अण्णा, वय ७३. अण्णांची सगळी नोकरी एसटीत गेली, ड्रायव्हर म्हणून. मुंबई-कोकण, रातराणी, कशेडी घाट, पावसाळे... निवृत्त झाले तेव्हा नावावर एकही अपघात नव्हता. ते स्वतः हे फारसं बोलून दाखवत नाहीत, पण विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून शोकेसमध्ये आहे, देवीच्या फोटोच्या बरोबर शेजारी. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी घेतलेली एकमेव मोठी वस्तू म्हणजे ही गाडी. आणि या कथेतलं तिसरं पात्र मी. मी रोज लोकलने जाणारा माणूस. गाडी चालवली तर रविवारी, तीही दिवसाढवळ्या.

तर ठाण्याला एक लग्न होतं. घरी भाईंदरला परत यायला साडेदहा-अकरा झाले. घोडबंदर रोडने गायमुखचा घाट उतरत होतो, अण्णा गाडी चालवत होते. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे सारखे अंगावर येत होते. डाव्या कडेने एक माणूस पंक्चर झालेली मोटरसायकल ढकलत चालला होता. मागच्या सीटवरून बायको ओरडली. अण्णांनी ब्रेक मारला. तो माणूस आणि आम्ही यांच्यात किती अंतर राहिलं ते मला सांगता येणार नाही, पण त्याच्या शर्टाच्या चौकड्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

घरी पोचेपर्यंत कुणी बोललं नाही. खाली गाडी लावल्यावर अण्णा म्हणाले, "काच खराब आहे रे. दिवे फुटतात."

मी म्हटलं, "काच नाही अण्णा, डोळे. उद्यापासून चावी माझ्याकडे राहील."

आईसमोर, सुनेसमोर म्हटलं. अण्णांनी काही न बोलता चावी टेबलावर ठेवली. ज्या माणसाने आयुष्यभर पन्नास-पन्नास माणसं झोपेत असताना घाटातून सुखरूप उतरवली, त्याच्याकडून मी चावी घेतली. मला वाटलं, मी जबाबदार मुलासारखा वागलो. दुसऱ्या दिवसापासून अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागले.

काही दिवसांनी मामांना रात्री बोरिवलीला सोडायचं होतं. येताना गाडीत मी एकटा. दहिसरच्या पुढे समोरून एक ट्रक आला आणि माझ्यासमोरची काच अख्खी पांढरी झाली. कुणीतरी काचेवर दुधाची पिशवी फोडावी तशी. दोन सेकंद मला रस्ता दिसत नव्हता. नुसता उजेड दिसत होता. ट्रक गेला, काच पुन्हा काच झाली. पुढची गाडी आली, पुन्हा तेच.

काच खराब होती.

त्या रात्री गाडी लावल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून ती काच मी पहिल्यांदा नीट पाहिली. तिरप्या उजेडात एकावर एक ठिपके, प्रत्येकाला पांढरी कड. वायपर फिरतो त्या कमानीत बारीक ओरखड्यांचे पट्टे. आणि आतल्या बाजूने बोट फिरवलं तर बोटाची रेघ उमटली! दिवसा यातलं काहीच जाणवत नव्हतं. त्याचं कारण नंतर कळलं. कायद्याप्रमाणे पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा (१९८९ च्या मोटार वाहन नियमांतच ते आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली ती याच नियमाच्या आधारे). आमच्या काचेतून प्रकाश भरपूर येत होता. पण धुरकट काच प्रकाश अडवत नाही, ती तो विखुरते. दिवसा सगळीकडे सारखाच उजेड असतो म्हणून ते खपून जातं. रात्री समोरचा एकच दिवा काचभर पसरतो आणि त्याच्यामागचा अंधारातला माणूस पुसून टाकतो.

आता काच एवढी खराब झाली कशी? तर आम्ही राहतो खारीत. भाईंदर पूर्वेला, खारीगावात. आजूबाजूला गोडदेव, नवघर, पलीकडे रेल्वे, उत्तरेला वसईची खाडी. भाईंदरची मिठागरं सगळ्यांना ठाऊक आहेत. गावाच्या नावातच खार आहे, तर तो पाण्यात का नसावा? पालिकेचं पाणी ठराविक वेळ येतं, ते पिण्या-स्वयंपाकाला. बाकी सगळं बोअरचं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बाथरूमच्या टाइल्सवर महिन्याभरात पांढरा थर बसतो. त्याच पाण्याने चौदा वर्षं गाडी धुतली जात होती. पाणी उडून जातं, पण त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार मागे राहतो. मिठागरात जे चालतं तेच, फक्त गाडीच्या काचेवर. त्यात २०१९ नंतर मेट्रोचं काम सुरू झालं, तेव्हा सिमेंटची धूळ आली. तीवर दव पडलं की तिचाही थर जमणार.

गाडी पुसायला एक भय्या पहाटे पाच वाजता येतो. आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगच्या मिळून पंचवीस-तीस गाड्या तो करतो. एक बादली, एक फडकं. आधी मला वाटलं सगळा दोष त्याचा. पण एका बादलीत पंचवीस गाड्या पुसायला आपणच लावतो ना? महिन्याचे पैसे देताना आपण कधी विचारलं की पाणी कितीदा बदलतोस?

पुढच्या शनिवारी मी सामान घेऊन आलो. आणि रविवारी सकाळी सुरुवात कशापासून केली, तर रंगापासून. काचेपासून नाही. आत्ता लिहिताना कळतंय की का. काच स्वच्छ झाली आणि खरोखर दिसायला लागलं, तर मला अण्णांसमोर उभं राहून काहीतरी म्हणावं लागलं असतं. रंगाचं तसं काही नव्हतं.

पण रंगाने बरंच शिकवलं. घरी करायचं असेल कुणाला, तर सांगतो. ऊन चढायच्या आत, सावलीत, पत्रा थंड असताना काम करायचं. बादल्या दोन. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मग शाम्पूत बुडवायचं, म्हणजे पुसलेली रेती पुन्हा गाडीवर जात नाही. कपड्यांची पावडर वापरायची नाही, तिने आधीचं मेण असेल तेही निघून जातं. वरून खाली यायचं, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. शेवटचा हात नळाच्या पाण्याचा नाही. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्याचे दोन कॅन आणून ठेवायचे. त्यात क्षार नसतात, त्यामुळे डाग पडत नाहीत.

एवढं करून गाडी स्वच्छ दिसली. मग मी हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हात फिरवला. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून चक्क पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला. म्हणजे धुतल्यावरही काहीतरी घट्ट बसून होतं. त्याच्यासाठी मातीसारखा एक गोळा मिळतो, क्ले बार म्हणतात. शाम्पूचं पाणी सोडत तो हलक्या हाताने फिरवायचा, मळला की घडी घालून नवी बाजू काढायची. बॉनेट झालं तेव्हा तो गोळा काळा-तपकिरी झाला होता. खाली पडला तर मात्र सरळ फेकून द्यायचा, कितीही महाग असला तरी.

मग दिसले ओरखडे. उन्हात गाडीवर सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ना, ते. मला वाटायचं, गोल-गोल पुसल्याने ती होतात. प्रत्यक्षात ते ओरखडे सगळ्या दिशांना असतात, आपण हलू तसं ते जाळंही आपल्याबरोबर हलतं. उजेड ज्यांच्यावरून आपल्या डोळ्यांपर्यंत परततो तेवढेच दिसतात, आणि ते दिव्याभोवती गोल मांडल्यासारखे वाटतात. ते घालवायचे म्हणजे वरचा पारदर्शक थर तेवढा घासून खाली आणायचा. हा थर असतो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही बहुधा पातळ. दर पॉलिशला त्यातला थोडा जातो आणि परत येत नाही. एकदा तो संपला की खालचा रंग उघडा पडतो. म्हणून पॉलिशचं खरं कसब थांबण्यात आहे. मी बॉनेट आणि दारं हाताने एकदाच केली, खोल ओरखडे राहू दिले, वर मेण लावलं आणि थांबलो.

अण्णा गॅलरीतून बघत होते. दुपारी जेवायला वर गेलो तर ताटावर बसल्या-बसल्या म्हणाले, "बाहेरून चकाचक केलीस. आतून काय दिसतं ते बघ कधीतरी."

पंधरा दिवसांतलं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

दुसरा रविवार काचेचा. आधी पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून. कापसाचे बोळे भिजवून डागांवर चिकटवून ठेवले आणि पाच मिनिटांनी उचलले. आम्लाने कॅल्शियमचा क्षार विरघळतो, शाळेत खडूवर लिंबू पिळायचो त्यातलाच प्रकार. निम्मे डाग गेले. (रबर आणि पत्र्यावर ओघळलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.) उरलेल्या डागांत सिलिका असते. सिलिका म्हणजे काचेचीच नातलग, ती व्हिनेगरला दाद देत नाही. तिच्यासाठी सेरियम ऑक्साइडची पूड मिळते. पाण्यात कालवून, दाट बिबटी करून, नमद्याच्या तुकड्याने घासायची. काच सुकू द्यायची नाही आणि तापू द्यायची नाही. एक वीतभर जागेला मला वीस मिनिटं लागली. अख्ख्या काचेचा हिशोब तुम्हीच करा.

अण्णा कधी खाली आले कळलंच नाही. खुर्ची घेऊन बाजूला बसले.

"हे काय लावतोस?"

"सेरियम ऑक्साइड. चष्म्याच्या काचा पण यानेच पॉलिश करतात."

"हं." थोड्या वेळाने म्हणाले, "आम्ही तंबाखू लावायचो."

मग अण्णा बोलायला लागले. वायपर बंद पडला आणि पाऊस धो-धो असला की काचेवर ओली तंबाखू चोळायची, नाहीतर कापलेला बटाटा. पाण्याचे थेंब न होता ते सपाट वाहून जातं आणि डेपोपर्यंत निभतं. समोरच्याचे दिवे डोळ्यांवर आले की दिव्यांकडे बघायचंच नाही, डावीकडची रस्त्याची कड धरायची. "त्या रात्री मी तेच करत होतो," ते म्हणाले. "कड धरली होती. तो नेमका कडेला होता."

मी घासत राहिलो. अण्णा उठले आणि नख काचेवर फिरवून दाखवायला लागले. "हा बघ, इथे नख अडतं. हा घासू नकोस." त्यांचं बरोबर होतं. नख अडेल एवढा खोल ओरखडा घासून काढायला गेलं की तिथे काचेत खळगा पडतो आणि पलीकडचं वाकडं दिसायला लागतं. तसा ओरखडा नजरेच्या रेषेत असेल तर काच बदलणंच बरं. पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून फुटली तरी ती विखरून पडत नाही. आमचा ओरखडा सुदैवाने खालच्या कोपऱ्यात, डाव्या बाजूला होता. तो अजून आहे.

संध्याकाळी आतली बाजू घेतली. आतला थर धुळीचा नव्हता, चिकट होता. गाडी उन्हात तापली की डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ काचेवर जाऊन बसते. त्यात अण्णा रोज सकाळी डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती ओवाळतात, त्या धुराची भर. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी घालून पुसलं तर तीन फडकी पिवळी झाली. वायपरची रबरं दगडासारखी कडक झाली होती, ती बदलली. खरं तर ती दर पावसाळ्याआधी बघायला हवीत. ओरखडे पाडणारी तीच होती.

पुसता पुसता मनात एक हिशोब जुळत होता. काही घाण नुसती वर बसलेली असते, ती पाण्याने जाते. काही चिकटलेली असते, ती जायला वेळ द्यावा लागतो. आणि काही खोल आत गेलेलं असतं, ते घासायला गेलं तर वस्तूच जाते. यातलं कुठलं काय आहे हे हात लावून बघितल्याशिवाय कळत नाही. मी त्या रात्री काचेला हात न लावताच निकाल दिला होता.

अंधार पडल्यावर चावी अण्णांच्या हातात दिली. "चला, काशिमीऱ्यापर्यंत जाऊन येऊ." आणि म्हटलं, "काच खरंच खराब होती अण्णा. माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोललो तेही चुकलं."

ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, गणपतीला हात लावला. तलाव रोडने निघून गोल्डन नेस्टला आलो, तिथून हायवेकडे. माझ्या बाजूने काच एवढी स्वच्छ होती की नसल्यासारखी वाटत होती. समोरून बस आली तर दोन दिवे दोन दिव्यांसारखेच दिसले.

हायवेला लागायच्या आधी अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ समोर बघत राहिले.

"बरंच बरं झालं," म्हणाले. "पण दिव्यांभोवती अजून गोल दिसतंय. तुला दिसतं का?"

मी बघितलं. मला गोल दिसत नव्हतं.

"नाही अण्णा."

"मग ते माझं असणार."

एवढंच. मला जे ओरडून सांगावंसं वाटलं होतं, ते त्यांनी स्वतः, गाडीचा आवाज ओळखावा तितक्या शांतपणे सांगितलं. दाराजवळ येऊन त्यांनी चावी माझ्याकडे दिली आणि स्वतः डावीकडे बसले. परत मी चालवली.

त्यांचा परवाना अजून वैध आहे. पंचावन्नच्या पुढे तो पाच-पाच वर्षांनी नवा होतो आणि डॉक्टरांचा दाखलाही लागतो. पण रात्री दिव्यांभोवती काय दिसतं ते कागदावर उमटत नाही. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. डॉक्टर समजावून सांगत होते की डोळ्यातलं भिंग धुरकट होतं, प्रकाश आत जातो पण विखुरतो, म्हणून रात्री समोरचे दिवे त्रास देतात... अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसले.

"म्हणजे काच खराबच होती," म्हणाले. "दोन्हीकडची."

"ही घासून जाणारी नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना आमचं काही ठाऊक नव्हतं. "बदलावी लागेल."

फेब्रुवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, भिंग नवं बसलं. डावा डोळा पावसाळ्यानंतर करायचाय. आता दिवसा भाजीला, बँकेत, उत्तनला मासळी आणायला अण्णाच गाडी काढतात. दिवेलागणीनंतर नाही. हा नियम मी घातलेला नाही, त्यांनीच घातलाय, आणि डावा डोळा झाल्यावर बघू म्हणतात. चावी दाराजवळच्या खिळ्याला असते. ती कुणाकडेच नसते आणि दोघांकडेही असते.

पहाटे येणाऱ्या भय्याला आम्ही दोन बादल्या घेऊन दिल्यात. काच त्याने पुसायची नाही असं ठरलंय. ती अण्णा पुसतात. रोज सकाळी, बॅटरीचं पाणी शिंपडून, उभ्या रेघांत. मग खाली वाकून तिरप्या उजेडात बघतात.

उदबत्ती मात्र अजून गाडीतच लावतात. त्यावर मी काही बोलत नाही. महिन्यातून एकदा आतली काच पुसायची, इतकंच.